लवूबुवांची सरासरी

खोक्यात तेवीस नळ्या उरल्या होत्या. पुठ्ठ्याच्या, बोटभर लांबीच्या, एकदा वापरून फेकून द्यायच्या. खोकं चाळीस नळ्यांचं होतं आणि ते कांजूरमार्गच्या शिबिराच्या सकाळीच फोडलं होतं. त्यानंतर त्याला कोणी हात लावलेला नव्हता. म्हणजे सतरा नळ्या वापरल्या गेल्या होत्या. शिबिराच्या छापील निकालात मात्र अठरा नावं होती आणि प्रत्येक नावापुढे एक सरासरी.

अनुपमा परबने नळ्या पुन्हा मोजल्या. तेवीसच.

घाटकोपरच्या एका धर्मादाय संस्थेच्या श्वास-तपासणी केंद्रात ती नोकरीला होती. भौतिकशास्त्राची पदवी, त्यावर वर्षभराचा कंप्युटरचा कोर्स. गिरण्यांत कापसाच्या धुळीत आयुष्य गेलेल्या माणसांना वस्तीवार केंद्रातल्याच शिबिरात बोलवायचं, मीटरच्या तोंडाला नळी लावून जोरात फुंकायला सांगायचं आणि काटा कुठे थांबतो ते बघायचं, असं तिथलं काम. काटा एका मिनिटाला किती लिटर ते दाखवायचा. माणूस तीनदा फुंकायचा, तिन्ही आकड्यांची सरासरी कंप्युटर काढायचा. तीनशेच्या खाली सरासरी आली की छाती बिघडली असं धरायचं.

कांजूरच्या शिबिरात सगळेच तीनशेच्या खाली आले होते. अनुपमाचे वडील लवू परबसुद्धा.

"प्रेमाताई, कांजूरचे अठरा जण फुंकले ना?" तिने विचारलं.

प्रेमाताई केंद्रातल्या नर्स. मीटरचा काटा त्याच वाचायच्या आणि आकडे कंप्युटरवर त्याच घालायच्या. "सतरा," त्या म्हणाल्या. "तो रतन मेस्त्री आठवतो का, उंच? कवळी घरी विसरून आलेला. दातांशिवाय नळी धरता येणार नाही, म्हणून मी ती काढलीच नाही. म्हणाला, दात घेऊन येतो, आणि गेला तो गेलाच."

"पण त्याचं नाव आहे निकालात."

"नाव आधी घातलं होतं गं. मग तुझं यंत्र पुढे सरकेना, फुंक एक, फुंक एक, असं विचारतच राहिलं. तीन शून्यं घालून टाकली. चुकलं का?"

"नाही," अनुपमा म्हणाली. "बरोबर केलंत."

तिने निकालाचा कागद काढला. शेवटची ओळ: रतन मेस्त्री, सरासरी १.

हा एक तिने आधीही पाहिला होता. आलेख काढताना तो ठिपका अगदी तळाला, सगळ्यांपासून लांब पडत होता. टाइप करताना चूक झाली असेल असं म्हणून तिने तो सोडून दिला होता. आलेख त्यामुळे नीटनेटका झाला होता.

तीन शून्यांची सरासरी शून्य येते. आणि या मीटरवर साठाच्या खाली आकडेच नाहीत. न फुंकलेल्या माणसाचा एक लिटर श्वास आला कुठून?

कंप्युटर आतल्या थंड खोलीत होता; प्रेमाताई आकडे घालत तो त्याचाच दुसरा पडदा बाहेर होता. ती पडद्यासमोर बसली आणि शिबिराच्या दिवशी साठवलेली मूळ फाइल तिने उघडली. पडद्यावर रोमन अक्षरांत ओळी आल्या. रतन मेस्त्री. फुंक १: शून्य. फुंक २: शून्य. फुंक ३: शून्य.

ती त्या ओळींकडे बघत राहिली. मग तिने प्रत्येक ओळीतल्या फुंकनंतरच्या आकड्यावर बोट ठेवलं: एक, दोन, तीन.

पहिल्या दोन शिबिरांत तिचा प्रोग्राम काहीच विचारत नसे. प्रेमाताईंनी नाव घालायचं, मग तीन आकडे घालायचे, बस्स. आकडा घातला की प्रोग्राम तोच आकडा खात्रीसाठी परत दाखवायचा. पडद्यावर दाखवलेलं सगळं फाइलीतही उतरायचं, आणि दुसरा प्रोग्राम ती फाइल वाचून सरासरी काढायचा. हा दुसरा प्रोग्राम लिहिल्यावर अनुपमा स्वतःवर खूश होती. तो अक्षरांकडे बघतच नसे. ओळीत कितीही शब्द असोत, त्यातले आकडे तेवढे तो वेचून घ्यायचा.

मग प्रेमाताईंनी तक्रार केली. "हे मेलं गप्प बसून राहतं. समोरचा माणूस खोकायला लागला की मी त्याला पाणी देणार, आणि परत येऊन बघते तर दुसरी फुंक घातली की तिसरी, काही कळत नाही. विचारायला काय होतं त्याला?"

तक्रार बरोबर होती. अनुपमाने त्याच दुपारी प्रोग्रामला विचारायला शिकवलं. फुंक १, फुंक २, फुंक ३. प्रेमाताई म्हणाल्या, झकास. आणि पुढच्याच रविवारी कांजूरचं शिबिर झालं.

प्रश्न होता प्रेमाताईंसाठी. पण तोही त्याच वाटेने बाहेर पडला, ज्या वाटेने उत्तरं फाइलीत जात होती. प्रश्नातले एक, दोन, तीन हे आकडेही फाइलीत जाऊन बसले. वेचणाऱ्या प्रोग्रामने ते इमानाने वेचले. प्रत्येक माणसाच्या तीन आकड्यांत आणखी तीन मिसळले, बेरजेला सहाने भागलं, आणि सतरा जणांचा श्वास निम्मा झाला. निम्मा अधिक एक. मेस्त्रीचा निम्मा करायला काही नव्हतंच, म्हणून त्याचा नुसता एक उरला.

तिने वडिलांची ओळ शोधली. चारशे ऐंशी, चारशे नव्वद, पाचशे. त्यात एक, दोन, तीन. बेरीज चौदाशे शहात्तर, भागिले सहा. दोनशे शेहेचाळीस.

हाच आकडा तिने घरी सांगितला होता.

मुळात वडिलांना शिबिरात तिनेच नेलं होतं. "बाबा, नुसते आजारी लोक मोजून भागत नाही. तुलनेला एक ठणठणीत माणूस लागतो," असं म्हणून. लवू परब विणकामखात्यात होते; संपानंतर गिरणी उघडली नाही तेव्हा कांजूरच्याच एका कारखान्याच्या भांडारात लागले. पण वस्तीत त्यांना ओळखत ते लवूबुवा म्हणून. रवळनाथ प्रासादिक भजन मंडळाचे बुवा. डबलबारीत समोरासमोर दोन मंडळं बसतात, एका बुवाने गायचं, दुसऱ्याने त्याला गाण्यातूनच उत्तर द्यायचं. अशा बाऱ्या ते वीस वर्षं गात होते. शिबिराला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि अशा थाटात फुंकले होते की रांगेतले लोक हसले. अनुपमाने ते पाहिलं नव्हतं. ती आतल्या थंड खोलीत कंप्युटरपाशी होती.

त्या संध्याकाळी जेवताना ती म्हणाली होती, "बाबा, तुमचा श्वास निम्माच आहे."

"माका तर कायव होत नाय," ते म्हणाले.

"सुरुवातीला कळतच नाही." मग तिने विचारलं होतं, "बिडी नक्की कधी सोडलीत?"

"संपाच्या आदीच सोडलंय मी ती."

"खरं सांगा बाबा. आकडा वेगळं सांगतोय."

आई, सुगंधा, वाढता वाढता थांबली होती. वडील पानातल्या भाताकडे बघत राहिले होते. ते रागावले नाहीत. रागावले असते तर आज बरं वाटलं असतं. अनुपमाने कागद घेऊन त्यांना छातीचं चित्र काढून दाखवलं, श्वासाच्या बारीक नळ्या कशा आकसतात ते समजावलं, आणि शेवटी म्हणाली, "गाणं बंद करावं लागेल. ताणून गायचं तर नाहीच."

त्यांनी बंद केलं. माघी गणपतीला कांदिवलीच्या चंद्रप्रकाश बुवांबरोबर बारी ठरलेली होती. लवूबुवांनी मंडळात जाऊन सांगितलं की या वेळी पेटीवर, म्हणजे बुवाच्या जागी, सहदेव बसेल. सहदेव तावडे त्यांचा शिष्य, कोरसातला पहिला आवाज. लोकांनी कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "माज्या चेडवान मोजल्यान." एवढंच. त्यापुढे कोणी वाद घातला नाही. शिकलेल्या मुलीने यंत्रावर मोजलेलं.

आणि त्यानंतर अनुपमाने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं की त्यांना जिना चढताना मधे थांबावं लागतं. आकड्याला पुरावा मिळाला असं तिला वाटलं होतं.

*

डॉक्टर मृणालिनी केळकर केंद्राच्या प्रमुख होत्या. त्यांच्या खोलीतल्या फळ्यावर अनुपमाचा आलेख लावलेला होता. पहिल्या दोन शिबिरांचे ठिपके वर, कांजूरचे खाली, मधे मोकळी जागा. कांजूरला कचऱ्याचा डेपो आहे, तिथे धूर असतो. कापसाच्या धुळीवर हा धूर बसला की श्वास निम्मा होतो, असा अनुपमाचा सिद्धान्त होता. डॉक्टर तो महापालिकेपुढे मांडणार होत्या.

तिने सगळं सांगितलं. मेस्त्रीच्या कवळीपासून.

डॉक्टरांनी निकालाचा कागद मागून घेऊन वाचला. मग म्हणाल्या, "प्रश्न बाहेर पाठवायला दुसरी वाट नसते का यंत्रात?"

"असते. दोन वाटा असतात. एक निकालाची, ती वळवून फाइलीत नेता येते. दुसरी माणसाशी बोलायची. ती वळवली नाही तर पडद्यावरच राहते."

"हे तुला माहीत होतं?"

"हो. कोर्समध्ये शिकवलं होतं."

"मग?"

"पडद्यावर दोन्ही एकसारखीच दिसतात," अनुपमा म्हणाली. "मी पडदा बघून तपासलं. फाइल उघडून बघितली नाही."

"आणि सगळ्यांचा श्वास बरोबर निम्मा कसा, असं नाही वाटलं तुला?"

अनुपमाला वाटलं होतं. छान वाटलं होतं. सिद्धान्त इतका स्वच्छ क्वचितच मिळतो.

डॉक्टरांनी उठून आलेख काढला, चारही टाचण्या डबीत टाकल्या आणि कागद तिच्या हातात दिला. "कांजूरच्या प्रत्येकाला जाऊन सांग. पत्र पाठवू नकोस, स्वतः जा. आणि आधी ते यंत्र नीट कर."

नीट करायला फार वेळ लागला नाही. प्रश्न छापणाऱ्या तीन ओळी होत्या. त्या तिने दुसऱ्या वाटेला लावल्या. मग स्वतः एक खोटं नाव घालून पाहिलं. पडद्यावर फुंक १, फुंक २, फुंक ३ पूर्वीसारखंच दिसलं. या वेळी तिने फाइल उघडली. फाइलीत नाव आणि तीन आकडे, दुसरं काही नाही. पडद्याकडे बघून फरक कळायला कसलीच खूण नव्हती.

ती घरोघर गेली. बहुतेकांनी तिला चहा दिला, तेच तिला जड गेलं. एक जण म्हणाला, "म्हणजे मी बरा आहे? मग बायकोला तुम्हीच सांगा, ती मला पिशवी उचलू देत नाही." माणिक घाडींची खरी सरासरी दोनशे दहा होती. ती आधीच्या एकशे सहापेक्षा जास्त होती, पण तीनशेच्या खालीच. ते खोकत खोकत म्हणाले, "दुप्पट झालो की गं पोरी," आणि हसले. रतन मेस्त्री या खेपेला कवळी लावून बसले होते. "मी फुंकलोच नाही तरी माझा एक आला?" त्यांनी विचारलं. "मग फुंकलो असतो तर काय वाट लावली असतीस माझी?"

वडिलांना तिने शेवटी ठेवलं होतं. दोन दिवस ती त्यांच्यासमोर जेवली आणि बोलली नाही.

*

घरात सांगून टाकणं सोपं होतं. पण वडिलांनी ते मंडळात सांगितलं होतं, म्हणून तीही मंडळात गेली. खांद्याला मीटरची पेटी, पर्समध्ये रुमालात गुंडाळलेल्या तीन नळ्या. आई बरोबर आली. का, ते तिने विचारलं नाही.

मंडळाची तालीम वस्तीच्या शाळेच्या एका वर्गात चालायची. बाकं भिंतीला लावलेली, मधे सतरंजी. सहदेव पेटीवर होता, पखवाजवाला पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावत होता, दहाएक जण झांजा घेऊन बसले होते. लवूबुवा मागे, खिडकीखाली, मांडीवर हात ठेवून. पूर्वी ते तिथे कधी बसले नव्हते. तिथे चुना-तंबाखूवाले बसत.

"ये ये, डॉक्टरीणबाई," सहदेव म्हणाला. "आता माझी पण छाती मोजतेस की काय? बारीच्या आधी नको हां. बारीनंतर बघू."

हशा झाला. अनुपमाने पेटी खाली ठेवली. उभ्यानेच सांगितलं. तिने मनात नीट वाक्यं जुळवली होती, वाट, फाइल, प्रश्न. ती कोणाला कळेनात.

"म्हणजे कंप्युटर पण थापा मारतो," पखवाजवाला म्हणाला.

"कंप्युटर नाही. मी." तिने पुन्हा सुरुवात केली. "आपल्या बारीचंच बघा. बुवा गातात, आणि मधेच मागे वळून पखवाजवाल्या दादांना हळूच सांगतात, आता लय वाढव. ते सांगणं त्यांच्यापुरतं असतं. समजा भोंग्यातून तेही लोकांना ऐकू गेलं, आणि परीक्षकाने तेही भजनात धरून गुण दिले. तसं झालं. यंत्राने प्रेमाताईंना जे विचारलं तेही मी बाबांच्या श्वासात धरलं. बाबांचा श्वास दोनशे शेहेचाळीस नाही. चारशे नव्वद आहे. पहिल्यापासून होता."

एकाच्या हातातली झांज गुडघ्याला लागून किणकिणली. त्याने ती मुठीत धरली.

"आणि बिडीचं मी जे बोलले," ती म्हणाली. पुढचे शब्द जुळवलेले होते, पण आले नाहीत. "ते सगळ्यांसमोर नव्हते बोलले. पण आता सगळ्यांसमोर सांगते. त्यांनी सोडली होती."

सहदेवने पेटीचा भाता बंद केला. "बुवा," तो म्हणाला, "माझी बुवागिरी एवढीच होती तर. या पुढे."

"बस तू," लवूबुवा म्हणाले.

"अहो, चंद्रप्रकाश बुवांसमोर मी म्हणजे... तुम्हीच या ना. मला रात्री झोप नाही."

"बस म्हटलंय ना तुका."

त्यांनी अनुपमाकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, त्या दिवशीही नव्हता. "गो बाय, तो आकडो तुजोच होतो. ह्यो पण तुजोच. मी कोणाचा खरा मानू?"

प्रोग्राम आता बरोबर आहे, फाइल उघडून पाहिली आहे, असं सांगता आलं असतं.

"जिन्यात दम लागता माका," ते म्हणाले. "खरोखर लागता. तू सांगल्यापासून."

सुगंधा दारात उभी होती. ती आत आली आणि सतरंजीवर बसली. "यंत्र आणलंस मा?" ती मुलीला म्हणाली. "मग दी तेंका. हय, सगळ्यांच्या म्होरं."

"आकडा मी नाही वाचणार," अनुपमा म्हणाली.

"तू नको. मी वाचतंय. आकडे येतत माका."

अनुपमाने पेटी उघडली, मीटरला नळी लावली, काटा मागे आणून ठेवला आणि मीटर वडिलांच्या हातात दिला. मग भिंतीशी लावलेल्या बाकापर्यंत मागे सरकली. तिथून काटा दिसत नव्हता.

लवूबुवा उभे राहिले. पहिली फुंक त्यांनी जपून घातली, मुलं गरम चहावर घालतात तशी. सुगंधाने मीटर उजेडाकडे धरला, ओठ हलवत रेघा मोजल्या आणि म्हणाली, "तीनशे साठ."

"कमी झालो काय गो?" त्यांनी विचारलं. बायकोला विचारलं, मुलीला नाही.

"जपून फुंकलात," सुगंधा म्हणाली. "परत."

दुसऱ्या फुंकेला ते आधी थांबले. खांदे खाली सोडले. "चारशे तीस."

सहदेव पेटीवरून उठला आणि कोरसाच्या रांगेत जाऊन बसला. पखवाजवाल्याने शाईवरचा हात काढला. लवूबुवांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं. मग एक हात कमरेवर ठेवला, गजराच्या आधी ठेवत तसा, मान वर केली आणि छाती भरून घेतली. त्यांनी फुंक मारली.

सुगंधाने मीटर उजेडाकडे धरला, रेघा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"चारशे पंच्याण्णव," ती म्हणाली.